लिंबाजी आण्णांचा पायगुण

बक्षीस मिळालं तेव्हा आमच्याकडं दूध होतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून माणसं नावं ठेवतात.

वडवणी तालुक्यातला आमचा दूध संघ लहान. दूध थंड करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीनं स्वच्छ संकलनाचं पहिलं बक्षीस आम्हाला दिलं: तिघांना मलेशियाची सहल. हार घालून झाले, फोटो निघाले आणि त्यानंतर पाऊस जो गेला तो गेलाच. सहलीची तारीख आली तेव्हा तिसऱ्या वर्षाचा श्रावणही कोरडा सरला होता. गाई छावणीत दावणीला होत्या आणि बक्षीस मिळवून देणाऱ्या यंत्रात थंड करायला दूध नव्हतं. कंपनीनं कळवलं, आता गेलात तर गेलात.

संचालकांची बैठक बसली. आमचे चेअरमन लिंबाजी आण्णा म्हणाले, "दुष्काळात फारिनला गेलो तर लोक तोंडात शेण घालतील."

मागून एक जण बोलला, "शेण तरी कुठं ऱ्हायलंय आण्णा?"

शेवटी सहलीला 'चारा अभ्यास दौरा' असं नाव दिल्यावर सगळ्यांचं समाधान झालं. जायचं कोणी? एक आण्णा. दुसरी मी; अंबाजोगाईच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली, दोन म्हशींची मालकीण आणि इंग्रजी बोलू शकणारी एकमेव संचालक. तिसऱ्या सोजरबाई. सोजरबाई धनगर वस्तीवरच्या. नवरा गेल्यावर मेंढरं विकून त्यांनी गाई घेतल्या आणि महिला राखीव जागेवर बिनविरोध निवडून आल्या. बैठकीत त्या कधी बोलत नसत, पण ज्या ठरावाला त्या मान हलवत नसत तो ठराव टिकत नसे.

खरं सांगायचं तर मला चाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. मला चार वाजताचा पाऊस बघायचा होता. 'विषुववृत्तीय प्रदेशात दररोज दुपारी चारच्या सुमारास आरोह पाऊस पडतो,' हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, पोरांनी तीस वर्षं पाठ केलं, आणि आमच्यापैकी एकानंही तो पाऊस पाहिला नव्हता.

क्वालालंपूर

विमानतळावर सेल्वम नावाचा तमिळ ड्रायव्हर व्हॅन घेऊन उभा होता. त्याचे पणजोबा रबराच्या मळ्यात मजुरीला म्हणून आले ते इथलेच झाले. त्याला इंग्रजी येत होतं आणि सिनेमातली हिंदी. म्हणजे तो सोजरबाईंशी बोलताना प्रत्येक वाक्य नायकासारखं बोलायचा.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत. मध्ये गवत, पुलाखाली गवत, भिंतीच्या फटीत गवत. एका ठिकाणी नगरपालिकेची माणसं यंत्रानं ते कापत होती आणि कापलेलं तिथंच सोडून पुढं जात होती. सोजरबाईंनी आधी बराच वेळ बघितलं.

"बाई, हे कापून काय करत्यात?"

मी सेल्वमला विचारलं. तो म्हणाला, "काही नाही. फेकून देतात."

"गाडी थांबीव," सोजरबाई म्हणाल्या. मी भाषांतर करायच्या आत गाडी थांबली. आवाजच तसा होता. त्या उतरल्या, पदर खोचला आणि पाच मिनिटांत हिरव्यागार गवताची पेंढी बांधून व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवली.

"सोजरबाई, ही कुणाला घालायची?" आण्णांनी विचारलं.

"ते मागून बघू. टाकून द्यायचं म्हंजे काय?"

ती पेंढी चार दिवस आमच्याबरोबर हिंडली. सेल्वम रोज सकाळी तिच्याकडं बघून नमस्कार करायचा.

जेवायला एका चिनी माणसाच्या टपरीवजा हॉटेलात गेलो. एका गाड्यावर मलाय बाई भात देत होती, दुसऱ्यावर चिनी म्हातारा शेवया परतत होता, तिसऱ्यावर आपल्यासारखा दिसणारा एक तमिळ मुसलमान पराठे हवेत फिरवत होता. माणसं एका टेबलावर बसून तिन्ही गाड्यांवरचं मागवत होती आणि जो ते खात नाही त्याच्यापुढं ते ठेवत नव्हती. कुणी कुणाला त्याबद्दल बोलत नव्हतं. आण्णा माळकरी. त्यांनी नुसता चहा घेतला. चहावाल्यानं दोन पेले लांब धरून चहाची दोरी ओढली, हे आण्णांना आवडलं. मग त्यानं डबा फोडला आणि घट्ट पिवळसर दूध ओतलं.

"म्याडम, विचारा बरं, दूध डब्यातलं काहून?"

सेल्वम म्हणाला, "इथं गाई फारशा नाहीत. दूध बाहेरच्या देशातून येतं."

आण्णांनी पेला खाली ठेवला. "इतकं गवत हाय अन् गाया न्हाईत," ते म्हणाले. "आपल्याकडं गाया हायेत." चहा मात्र दोनदा घेतला.

बटू गुहा

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वम आम्हाला त्याच्या देवाला घेऊन गेला. डोंगराच्या पायथ्याशी सोन्याच्या रंगाची भलीमोठी मूर्ती, मागं चुनखडीच्या गुहेकडं जाणाऱ्या रंगीत पायऱ्या आणि पायऱ्यांवर माकडं.

"देव कोणता?" सोजरबाईंनी विचारलं.

"मुरुगन," सेल्वम म्हणाला. मी बेसावधपणे सांगून टाकलं, "म्हणजे आपला कार्तिकस्वामी."

सोजरबाईंनी खाडकन पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. आपल्याकडं बाईनं कार्तिकस्वामीचं तोंड बघायचं नसतं. बघितलं तर सात जन्म वैधव्य. इकडं तर शेकडो तमिळ बायका गजरे माळून, लेकरं काखेत घेऊन मूर्तीसमोर फोटो काढत होत्या. सेल्वम घाबरला. आपल्या देवाचं काही चुकलं का, असं त्याचं तोंड झालं. मी समजावलं की आमच्याकडं हा ब्रह्मचारी आहे.

"ब्रह्मचारी?" सेल्वम म्हणाला. "मॅडम, त्याला दोन बायका आहेत!"

हे मी सोजरबाईंना सांगितलं. पदराआडूनच त्या म्हणाल्या, "दोन करून बसलाय, अन् आमाला तिकडं तोंड दाखवंना." त्यांनी पदर मागं सारला, वळून मूर्तीकडं मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "नवरा तर माझा कवाच गेला. सातातला एक जलम फिटला. बाकीचं सहा बघून घेऊ." आणि पावणेतीनशे पायऱ्या त्या आमच्या आधी चढल्या.

चारला पाच कमी असताना मी उघड्यावर जाऊन उभी राहिले. ढग आले, अंधारलं आणि निघून गेले. सेल्वम म्हणाला, "आश्चर्य आहे. काल तुम्ही उतरायच्या आधी धो धो होता."

चाऱ्याचं फार्म

तिसऱ्या दिवशी अभ्यास. पहांग राज्यातल्या एका फार्मवर पुरुषभर उंच हत्तीगवत होतं. तिथला व्यवस्थापक चिनी, तरुण आणि दमलेला. आण्णांनी वही काढली. "विचारा म्याडम, यांची मुख्य अडचण काय?"

तो म्हणाला, "पाणी."

आण्णा खुलले. "म्हंजे हितंबी तेच!"

"फार पडतं," तो म्हणाला. "जमीन वाळतच नाही. गाईंचे खूर कुजतात. चारा वाळवता येत नाही. कोरडी जमीन मिळाली असती तर..." त्यानं उसासा टाकला.

आण्णांनी ते वहीत लिहिलं नाही. सोजरबाईंनी एका गाईचा पाय उचलून खूर बघितला आणि मला सांगितलं, "ह्याला म्हणावं, खाली मुरूम टाक अन् हळद-तेल लाव." त्यानं ते मात्र लिहून घेतलं. अभ्यास दौऱ्यात लिहून घेतलेली ती एकच गोष्ट. फार्मवर पोहोचलो तेव्हा जमीन ओली होती, झाडं ठिबकत होती. पाऊस नुकताच थांबला होता. "तुम्ही फाटकातून आत आलात आणि थांबला," व्यवस्थापक हसून म्हणाला. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

लग्नघर

चौथ्या दिवशी जंगलाकडं निघालो. वाटेत रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. ते कापायला दोन तास लागणार होते. भुरभुर चालू होती. शेजारच्या गावात मांडव दिसला, ढोलक्यासारखं काही वाजत होतं. सेल्वम म्हणाला, "मलाय लग्न आहे. चला, पाहुणा आला की त्यांना आनंद होतो." खरोखरच नवरीच्या बापानं आण्णांचे दोन्ही हात हातात घेतले, मग स्वतःचे हात छातीला लावले आणि आम्हाला आत नेलं.

तुपातला भात, कोंबडी, अननसाचं लोणचं. आणि एका पातेल्यात काय ते ओळखून सोजरबाई ओरडल्याच, "बाई, दालचा!" खरंच दालचा, डाळीत शिजवलेलं मांस. नावसुद्धा तेच. बीडला आमच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या लग्नात जो खाल्ला तोच समुद्रापार येऊन बसलेला. सोजरबाईंनी सेल्वमला बोट दाखवून विचारलं, "यात गाय हाय का?" हे त्याला कोणत्याही सिनेमात न ऐकता कळलं. एका पातेल्यात होती, एकात नव्हती. त्यानं नव्हती ते पुढं केलं. आण्णांनी भात, काकडी आणि लोणचं घेतलं. तिथल्या रिवाजानं प्रत्येक पाहुण्याला कागदी फूल लावलेलं उकडलेलं अंडं देतात, तसं त्यांनाही दिलं. माळकरी माणूस ते अंडं टाकूही शकेना, ठेवूही शकेना. दुपारभर ते त्यांनी तळहातावर धरून ठेवलं.

मांडवाच्या दारात एक बारीकसा म्हातारा बसला होता. डोक्याला टोपी, समोर बांबूच्या काडीत टोचून उलट्या खोवलेल्या मिरच्या आणि कांदा. ओठ सारखे हलत होते.

"हा कोण?" मी विचारलं.

"पाक मान. पाक म्हणजे काका. पाऊस थांबवणारा," सेल्वम म्हणाला. "लग्नात पाऊस येऊ नये म्हणून बोलावतात. पण आज सकाळपासून जमत नाहीये."

हे मी भाषांतर करून सांगितलं. आण्णांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

"पाऊस थांबवायला माणूस ठेवत्यात?"

"हो."

"अन् त्याला जेवूबी घालत्यात?"

एवढ्यात भुरभुर थांबली. सगळ्यांनी वर बघितलं. नवरीच्या बापानं सेल्वमला विचारलं, हे पाहुणे कुठले? सेल्वमनं, माझ्याकडून कधीतरी ऐकलेलं, जरा मीठमसाला लावून सांगितलं: यांच्या गावात तीन वर्षं पाऊस नाही, आणि हे तिथले प्रमुख. पाक मान उठला. आण्णांच्या जवळ आला, त्यांचा अंडं नसलेला हात हातात घेतला, तळव्यावर अंगठा दाबला आणि मांडवाला ऐकू जाईल असं काहीतरी बोलला.

"म्हणतोय, या माणसाची ताकद माझ्यापेक्षा मोठी आहे," सेल्वम म्हणाला.

मग जे झालं ते सांगितलं तर कुणालाही खरं वाटणार नाही. दारातली खुर्ची आण्णांना दिली. ढगांकडं तोंड करून बसवलं. मागं दोन माणसं पंख्यानं वारा घालू लागली. नदीपलीकडं पावसाचा पडदा उभा दिसत होता, गडगडत होतं, आणि अलीकडं थेंब नाही. नवरदेव वाजतगाजत कोरडा आला, कोरडा बसला. पाक माननं मिरच्या गोळा करून पिशवीत ठेवल्या आणि पहिल्यांदा पोटभर जेवला. निघताना नवरीच्या आईनं आण्णांना केळीच्या पानात बांधून मिठाई दिली आणि डोळे पुसले.

आण्णा आधी खुशीत होते. मान डोलावत होते, हात वर करून आशीर्वादही दिले. व्हॅनमध्ये बसल्यावर ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. मग विचारलं, "म्याडम, मी चेअरमन झालो ते मिरगातच न्हवं का?"

"हो, जूनमध्ये."

"तवापासनंच न्हाई."

"आण्णा, तो योगायोग आहे," मी म्हणाले. भूगोलाच्या बाईला दुसरं काय म्हणता येतं? एल निनोबद्दल पंधरा मिनिटं बोलले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पण हितं तर थांबला की."

जंगल

दोन दिवस आम्ही जंगलात होतो. होडीतून तपकिरी नदी चढलो, झाडांच्या शेंड्यांना बांधलेल्या झुलत्या पुलावरून चाललो, हातभर चोचीचे धनेश पाहिले. एका झाडाच्या मुळ्या भिंतीसारख्या उभ्या होत्या, त्यात आमची व्हॅन मावली असती. सोजरबाईंनी विचारलं, "हितं कोण चारतं?" कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. एवढं रान आणि एक मेंढरू नाही!

जळवा मात्र होत्या. परतल्यावर माझ्या पायाला तीन निघाल्या. सोजरबाईंच्या दोन, त्यांनी गोचीड काढावं तशा उपटून फेकल्या. आण्णांनी धोतर वर केलं, मोजे काढले, पिंढऱ्या बघितल्या. एकही नाही.

"वलाव्याचा जीव हाय ना," ते हळूच म्हणाले. "त्याला माझ्याकडं काय मिळणार?"

दोन्ही दिवस पाऊस आला नाही. वाटाड्या म्हणाला, या दिवसांत असं फारसं होत नाही. आण्णांनी ते भाषांतराशिवाय समजून घेतलं. ते जेवायचे कमी झाले. सकाळी लवकर उठून नदीकाठी एकटे बसू लागले. हसू येण्यासारखं होतं, पण समोर बसलेला माणूस बघून हसू येत नव्हतं. तीन वर्षं लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसले होते. टँकर, छावणी, चारा, सगळ्यासाठी हा माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवत होता, आणि आता त्याला वाटत होतं की हे सगळं आपणच आणलं.

शेवटचा दिवस

क्वालालंपूरच्या हॉटेलबाहेर एक बाक होता. विमान रात्रीचं, निघायचं साडेचारला. सामान व्हॅनमध्ये चढलं. आण्णा बाकावर बसले ते उठेनात.

"तुमी दोघी जावा. मी हितंच ऱ्हातो."

सेल्वमला वाटलं तब्येत बिघडली. मी म्हणाले, "आण्णा, व्हिसा संपतोय. पोलीस धरतील."

"धरू द्या. जेलात ठिवतील. हितला पाऊस तरी कमी पडंल, लोकांचं भलं होईल. अन् आपल्याकडं मी नसलो म्हंजे पडंल."

मी पुन्हा एल निनो काढला. सोजरबाईंनी मला हातानं गप्प केलं. त्या आण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. बैठकीत कधी न बोलणारी बाई, आणि आवाज रस्त्याच्या पलीकडं जाईल असा.

"आण्णा, सोताला इतकं मोठं समजता व्हय? पाऊस अडवायला तुमी? माझ्या बापाच्या वक्ताला पडला न्हाई, तवा कोण चेअरमन व्हतं? माझा नवरा मेला त्या साली पडला न्हाई. आमी मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलतो, तिथंबी न्हाई. मग मी म्हणावं का, माझ्या पायानं गेला? सासू म्हणलीच व्हती तसं. बारा महिने म्हणत व्हती. लोकाचं आयकून मीबी खरं धरलं व्हतं. एक दिस इचार केला, माझ्या एकलीच्या पायात एवढं बळ असतं तर मेंढरं इकायची पाळी आली असती का?"

मी सवयीनं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. आभाळ कधी काळं झालं ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि तो आला. थेंब वगैरे नाही, एकदम बादली पालथी केल्यासारखा. सेल्वम आणि मी छपराखाली पळालो. सोजरबाई हलल्या नाहीत. आण्णा बाकावर तसेच बसून भिजत होते. टोपीतून पाणी नाकावर येत होतं. माझी तीस वर्षं समोर पडत होती आणि मी ती बघायची सोडून आण्णांकडं बघत होते.

"आता बोला," सोजरबाई ओरडल्या. "तुमी बसला हायेत, अन् पडतोय!"

"हा ह्यांचा पाऊस हाय," आण्णा ओरडून म्हणाले. "आपला न्हाई!"

पण उठले. थंडी वाजायला लागली होती. त्यांचं कोरडं धोतर व्हॅनमधल्या पिशवीत होतं, पिशवी सोजरबाईंनी आत चढून मांडीवर घेतली, आणि विमानतळ येईपर्यंत ती दिली नाही.

घरी

वडवणीच्या स्टँडवर आण्णांचा पुतण्या जीप घेऊन आला होता. आण्णांनी नमस्कार घेतला नाही, बॅग दिली नाही. दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले.

"पडला का?"

"कुठला आण्णा? आभाळबी आलं न्हाई."

आण्णांचा चेहरा उजळला. "एकबी थेंब न्हाई?"

"न्हाई."

"मी नव्हतो, तरीबी न्हाई!" ते मोठ्यानं हसले. स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. सबंध जिल्ह्यात पाऊस न पडल्याचा आनंद झालेला तो एकच माणूस असावा. "सरळ छावणीत चल," ते म्हणाले.

छावणीत जनावरं पत्र्याखाली मान टाकून उभी होती. आण्णांनी जीपमधून उतरतानाच सांगायला सुरुवात केली: मांडव, खुर्ची, म्हातारा, मिरच्या. माणसं गोळा झाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. खुर्चीवर बसवून वारा घातला तिथं तर एक जण पोट धरून खाली बसला. आण्णा शेवटी म्हणाले, "म्हंजे कळलं का? ते माझ्यामुळं न्हाई!"

एक म्हातारा आपल्या बैलाच्या गळ्याखाली हात घालून उभा होता. तो हसला नव्हता. त्यानं विचारलं, "आमी कवा म्हणलो व्हतो, तुमच्यामुळं हाय?"

सोजरबाई तोवर पुढं जाऊन पाण्याच्या हौदात हात घालून तळ किती राहिला ते बघत होत्या. मग आण्णांनी टोपी काढली, बैलाशेजारी जमिनीवरच बसले आणि पुतण्याला हाक मारली, "उद्याच्या टँकरचं काय झालं रे? तहसीलला फोन लाव."